विजेच्या मंडलाचे गणित आणि आमची मुले

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या दिघोरीच्या पंचक्रोशीत घरोघरी एकच खल सुरू होतो: मुलाला आता कोठे घालावयाचे? ज्याच्या गुणांची बेरीज बरी भरली, त्याने अभियंता व्हावे याविषयी बहुधा सर्वांचे एकमत होते. मग भंडारा, नागपूर किंवा त्याहूनही दूरचे महाविद्यालय पाहिले जाते, वसतिगृहाची खटपट होते, वेळप्रसंगी धानाच्या बांधीवर कर्ज निघते, आणि पावसाळ्यात रोवणीची धांदल चालू असतानाच घरातील एक मुलगा किंवा मुलगी सामान बांधून एस.टी.त चढते. पुढचे वर्तमान मात्र पालकांच्या कानी उशिरा येते. दिवाळीत मूल घरी येते ते थोडे अबोल झालेले असते, आणि उन्हाळ्यापर्यंत कळते की, दोन विषय मागे राहिले.

असे विद्यार्थी सुटीत भेटावयास आले म्हणजे आम्ही त्यांस मुद्दाम विचारीत असतो की, पहिली ठेच कोठे लागली? कोणी यांत्रिक चित्रकलेचे नाव घेतो, कोणी गणिताचे. परंतु पुष्कळांच्या तोंडी एक नाव हमखास येते, ते विजेच्या मंडलांच्या पृथक्करणाचे. मंडल म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्यास परिपथ म्हटले आहे तेच. महाविद्यालयात त्यास सर्किट म्हणतात. अनेक तारा, अनेक रोध व दोन-चार वीजस्रोत एकमेकांस जोडले असता कोणत्या तारेतून किती वीज वाहील व कोणत्या दोन बिंदूंमध्ये किती दाब राहील, हे कागदावर काढून दाखविणे म्हणजे हा विषय. वीज शाखेचा विद्यार्थी असो वा इतर शाखेचा, याचा थोडाबहुत भाग बहुतेकांस पहिल्या वर्षीच शिकावा लागतो.

ही ठेच का लागते, याचे ठरलेले उत्तर "इंग्रजी कठीण गेले" असे आहे. ते अगदी खोटे नाही. पण तेवढ्यावर समाधान मानणे आम्हांस मान्य नाही. आमच्या मते दोष इंग्रजीचा थोडा व सवयीचा फार आहे, आणि ती सवय आम्ही शिक्षक व पालक मिळून मुलांस शाळेतच लावून देतो.

ती सवय कशी, ते पाहा. परीक्षेतील उदाहरण बहुधा असे असते: अमुक दिले आहे, तमुक दिले आहे, सूत्र लिहा, किमती घाला, उत्तराखाली दोन रेघा ओढा. मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून झाल्या की, विद्यार्थी उदाहरण वाचण्यापूर्वीच त्याचे सूत्र ओळखू लागतो. यास आपण हुशारी म्हणतो. मंडलाच्या उदाहरणात मात्र सूत्र मागून मिळत नाही. कोणता प्रवाह अज्ञात धरावयाचा, तो कोणत्या दिशेने वाहतो असे मानावयाचे, कोणत्या सांध्यापासून आरंभ करावयाचा, हे सर्व विद्यार्थ्याने स्वतः ठरवावयाचे असते. नियम अवघे दोन-तीन, पण ते कोठे लावावयाचे ते कोणी सांगत नाही. आजवर मळलेल्या वाटेने चालत आलेल्या मुलास एकाएकी मोकळ्या माळावर आणून सोडावे, तशी त्याची स्थिती होते. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतून आलेली मुलेही या माळावर गोंधळतात, हे आम्ही ऐकून आहो. तेव्हा केवळ भाषेवर खापर फोडून भागत नाही.

ज्यांच्या नावाने हे नियम ओळखले जातात, त्यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस पुस्तकात फारशी मिळत नाही, म्हणून थोडी सांगतो. जॉर्ज ओहम हे जर्मनीतील कोलोन शहरी एका विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविणारे शिक्षक होते. तारेतून जाणारा प्रवाह कशावर अवलंबून असतो, हे त्यांस मोजावयाचे होते. त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब घटकेत चढे, घटकेत उतरे, त्यामुळे कोणतेच माप स्थिर राहीना. तेव्हा त्यांनी घट बाजूला ठेवून तांबे व बिस्मथ या दोन धातूंचे सांधे घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, आणि या उष्णतेच्या फरकातून निघणाऱ्या स्थिर विजेवर प्रयोग केले. १८२७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वदेशातील विद्वानांनी आरंभी त्याचे थंडे स्वागत केले, ओहम यांनी कोलोनची जागा सोडली, आणि १८३३ साली न्यूरेंबर्ग येथे नेमणूक होईपर्यंतची त्यांची वर्षे ओढगस्तीत गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला. नववीतील विद्यार्थी ज्या नियमास अर्ध्या ओळीचे सूत्र समजून पाठ करतो, त्यामागे एका शाळामास्तराची इतकी खटपट आहे.

दुसरे नाव गुस्ताव्ह किर्कहॉफ यांचे. १८४५ साली त्यांनी आपले दोन नियम मांडले तेव्हा ते २१ वर्षांचे असून कोनिग्सबर्ग येथील विद्यापीठात विद्यार्थीच होते. म्हणजे आज तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या आमच्या मुलांच्या वयाचे! पहिला नियम असा की, तारांच्या कोणत्याही सांध्याशी जितका प्रवाह येतो तितकाच तेथून निघून जातो. दुसरा असा की, मंडलातून एक पुरा फेरा करून मूळ जागी आले असता वाटेतील दाबाच्या चढउतारांची बेरीज शून्य भरते. याच कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे प्रसिद्ध कोडे ऑयलर या गणितज्ञाने त्यापूर्वी शंभरावर वर्षे आधी सोडविले होते, आणि बिंदू व रेषा यांच्या जोडणीचे एक नवे गणित त्यातून जन्मास आले होते. किर्कहॉफ यांनी १८४७ साली त्याच जातीचा विचार तारांच्या जाळ्यास लावून, किती समीकरणे मांडली असता पुरे होते, तेही सांगितले. हे शहर आज रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राद असे आहे.

भंडारा जिल्ह्यातील मुलास पहिला नियम समजावून देण्यास आमच्या मते कोनिग्सबर्गपर्यंत जाण्याची गरजच नाही. आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव आजही येथील धानास पाणी देतात. तलावाचा पाट जेथे दोन बांध्यांकडे फुटतो, तेथे उभा राहिलेला कोणताही शेतकरी जाणतो की, वरून आले तेवढेच पाणी दोहींकडे मिळून जाणार. शेजाऱ्याच्या बांधीत जास्त गेले तर आपल्या बांधीत कमी येणार. यावरून भांडणेही होतात. तलावाच्या पाण्याची पातळी व बांधीची पातळी यांतील अंतर म्हणजे दाब, पाटाचा अरुंदपणा म्हणजे रोध. मात्र उपमा फार ताणू नये. पाटाचे पाणी वाटेत झिरपते व उन्हाने आटते, वीज तारेच्या सांध्यात झिरपतही नाही व साठतही नाही. शिवाय पाणी शेवटच्या बांधीत राहिले तरी चालते, विजेस मात्र परत यावेच लागते. परतीची वाट तुटली की पहिली वाटही बंद. मुले येथेच चुकतात, कारण त्यांस बल्ब हे विजेचे शेवटचे मुक्काम वाटते.

आता एक उदाहरण विद्यार्थ्यांनी आमच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन सोडवावे. टॉर्चचे दोन सेल घ्या, एक नवा व एक वापरून जुना झालेला. नव्याचा दाब १.५ व्होल्ट व त्याचा आतला रोध ०.५ ओहम, जुन्याचा दाब १.२ व्होल्ट व आतला रोध १ ओहम असे धरा. दोघांची धन टोके एकत्र व ऋण टोके एकत्र जोडून त्यांवर १० ओहम रोधाचा एक बल्ब लावा. दोन सेल मिळून बल्बाला वीज देतील, असे कोणीही म्हणेल. आपणही तसेच मानू, आणि दोन्ही सेलांतून प्रवाह बाहेर पडतो अशी बाणांची खूण करू. बल्बाच्या दोन टोकांमधील दाबास "द" म्हणू. नव्या सेलचा प्रवाह (१.५ − द) ÷ ०.५, जुन्याचा (१.२ − द) ÷ १, आणि बल्बाचा द ÷ १०. किर्कहॉफचा पहिला नियम सांगतो की, पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याइतकी असली पाहिजे. समीकरण सोडविले असता ४.२ = ३.१ द, म्हणजे द सुमारे १.३५ व्होल्ट येतो. यावरून नव्या सेलचा प्रवाह सुमारे ०.२९ अँपिअर, बल्बाचा सुमारे ०.१४ अँपिअर, आणि जुन्याचा? वजा ०.१५ अँपिअर.

हे वजा चिन्ह पाहून विद्यार्थी घाबरतो, आपले गणित चुकले असे समजून सर्व खोडून टाकतो, किंवा चिन्ह गुपचूप गाळून उत्तर लिहितो. वस्तुतः सर्वांत मोलाची गोष्ट त्या चिन्हातच आहे. जुना सेल बल्बाला काही देत नसून उलट नव्या सेलपासून घेत आहे, असे ते चिन्ह सांगते. नवा सेल जेवढे देतो त्यातील निम्म्याहून अधिक जुन्याच्या पोटात जाते. जुने व नवे सेल एकत्र घालू नयेत असे सेलच्या वेष्टनावर छापलेले असते ते का, हे आता कळले. आपण बाणाची दिशा उलटी धरली होती, तरी गणिताने ती आपण होऊन सुधारून दिली. अज्ञात गोष्टीविषयी काहीतरी मानून चालावे, ते स्पष्ट लिहून ठेवावे, आणि मग नियम सांगतील ते ऐकावे, ही या विषयाची रीत आहे. शाळेत "चुकेल" या धाकाने ज्याने कधी काही मानलेच नाही, त्यास ती रीत अठराव्या वर्षी अंगी आणणे जड जाते.

वरील उदाहरणात दहावीच्या बाहेरचे गणित कोठे आले? कोठेच नाही. दोन फेऱ्यांचे मंडल असले तर दोन अज्ञात प्रवाह व दोन समीकरणे. आणि दोन चलांची समीकरणे निश्चयकांच्या साहाय्याने सोडविण्याची क्रेमरची पद्धत आमची मुले दहावीच्या बीजगणितात शिकतात. महाविद्यालयात तीच पद्धत तीन-चार अज्ञातांस लावतात. हत्यार मुलाच्या दप्तरात पडून असते, पण ते कशासाठी आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. याचा दोष आम्ही शिक्षकवर्गाकडेच देतो. पदार्थविज्ञानाचा तास व बीजगणिताचा तास यांच्यामध्ये भिंत घालून आम्ही मोकळे होतो.

आता भाषेविषयी. शाळेचे पुस्तक "विद्युतधारा" व "विभवांतर" म्हणते, मराठी विश्वकोशात "विद्युत् प्रवाह" व "विद्युत् दाब" आढळतात, महाविद्यालयातील प्राध्यापक "करंट" व "व्होल्टेज" म्हणतात. एका वस्तूची तीन नावे शिकताना वस्तूच हरवते. गंमत अशी की, आमच्या खेड्यातील अडाणी म्हणविणारा शेतकरीही "आज व्होल्टेज नाही, मोटार उचलत नाही" असे बरोबर बोलतो. "करंट" या शब्दाचा अर्थ मात्र तो विजेचा झटका असा करतो. म्हणजे एक शब्द घरचा झाला आहे, दुसरा अर्धाच. आमची सूचना अशी की, शिक्षकांनी नववीपासूनच मराठी व रूढ इंग्रजी असे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे, आणि अर्थ मात्र एकदाच, मराठीत, नीट सांगावा. ज्या मुलास दाब म्हणजे काय हे मराठीत उमगले आहे, त्यास "व्होल्टेज" हे केवळ दुसरे नाव आहे. ज्यास ते कोणत्याच भाषेत उमगले नाही, त्यास इंग्रजी सुधारून देऊन काय लाभ?

मराठीतून हे शास्त्र सांगताच येणार नाही, असे म्हणणाऱ्यांस आम्ही जुना दाखला देतो. १८२० नंतरच्या दशकात मुंबईस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने एतद्देशीय मुलांस या विद्येचे शिक्षण देण्यासाठी हटनचे गणित मराठीत उतरविले होते. अलीकडे, २०२१ साली, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही महाविद्यालयांस देशी भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची मुभा दिली, व त्या भाषांत मराठी होती. हा मार्ग किती रुंदावेल ते पुढे दिसेल. इंग्रजी टाळता येईल असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. यंत्रांची माहितीपत्रके व मोठे ग्रंथ त्याच भाषेत आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, समज आधी यावी व भाषा तिच्या मागून यावी.

पालकांस या विषयाचे अगत्य का वाटावे, हे सांगण्यास एक घरगुती प्रकार घेतो. गावात डी.पी.वरील न्यूट्रल तुटला म्हणजे एका आळीत टी.व्ही. व बल्ब जळतात, आणि दुसऱ्या आळीत दिवे मिणमिणतात. लोक म्हणतात, "वीज जास्त आली." वीज जास्त आलेली नसते. गावात तीन फेज येतात. प्रत्येक घराला एक फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्टचा दाब मिळतो, परंतु कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ३९८ व्होल्ट असतात. एका घरी १००० वॉटची इस्त्री व दुसऱ्या फेजवरील दुसऱ्या घरी १०० वॉटचा बल्ब एवढेच चालू आहे, तिसऱ्या फेजवर कोणीच नाही, असे क्षणभर धरू. इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम, बल्बाचा सुमारे ५२९. न्यूट्रल शाबूत असता दोघे आपापल्या घरी सुखाने नांदतात. तो डी.पी.जवळ तुटला की परतीची वाट नाहीशी होते, आणि इस्त्री व बल्ब एकामागे एक जोडल्यासारखे होऊन त्यांवर ३९८ व्होल्ट पडतात. रोध तेवढेच राहिले असे मानले तर दाबाची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते: बल्बाच्या वाट्यास सुमारे ३६२ व्होल्ट, इस्त्रीच्या वाट्यास अवघे ३६. ज्याच्या घरी एकच दिवा लागला होता, त्या बिचाऱ्याचेच नुकसान व्हावयाचे. हे उदाहरण नववीच्या ओहमच्या नियमाने सुटते. ३९८ हा आकडा कोठून आला तेवढे मात्र महाविद्यालयात शिकावे लागते. न्यूट्रल व अर्थिंग यांची हेळसांड गावाने का करू नये, हे ज्यास असे आकड्यांनिशी सांगता येते, त्याचे शिक्षण गावाच्या उपयोगी पडले असे आम्ही समजतो.

यापुढची पायरी खरोखर अवघड आहे, ते लपविण्यात अर्थ नाही. घरातील वीज सेलाप्रमाणे एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदास ५० वेळा पुरता फेरा करते. तारेचे वेटोळे, म्हणजे मोटारीचे गुंडाळलेले वायंडिंग, मंडलात आले की प्रवाह दाबाच्या मागे पडतो. समजा, एक रोध व एक वेटोळे एकामागे एक जोडून २३० व्होल्टवर लावले, आणि मीटरने मोजले. रोधावर १३८ व्होल्ट व वेटोळ्यावर १८४ व्होल्ट दाखवील. बेरीज ३२२! विद्यार्थ्यास वाटते की, किर्कहॉफ येथे खोटा पडला. पण १३८, १८४ व २३० हे ३, ४ व ५ यांच्या प्रमाणात आहेत. काटकोन त्रिकोणाच्या त्याच बाजू. दोन दाब एकाच क्षणी शिगेस पोहोचत नसल्यामुळे त्यांची बेरीज सरळ न होता पायथागोरसच्या रीतीने होते. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली संमिश्र संख्यांच्या द्वारे हे सर्व गणित सोपे करण्याची रीत शिकागो येथील विद्युत् परिषदेपुढे मांडली, आणि अकरावीत जिला मुले "काल्पनिक" म्हणून हसतात ती संख्या कारखान्यांतून राबू लागली. गणिती लोक तिला इंग्रजी "आय" या अक्षराने लिहितात, वीज अभियंते "जे" ने, कारण "आय" त्यांनी प्रवाहाला देऊन टाकलेला असतो. हे एवढेसे कारण न सांगितल्यामुळे पहिल्या सत्रात किती मुले बुचकळ्यात पडतात! आमच्याकडे दोनच फेज असताना कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार ओढणारे कारागीर आहेत. मोटारीचे आयुष्य त्याने घटते, म्हणून त्याची शिफारस आम्ही करीत नाही. परंतु प्रवाहास दाबाच्या पुढे-मागे सारण्याची ही युक्ती ज्याने हाताने केली आहे, त्याच्या मुलास हा धडा परका वाटू नये.

लेऑं थेवेनॅं या फ्रेंच तारखात्यातील अभियंत्याचा १८८३ चा सिद्धांतही असाच कामाच्या गरजेतून आला. कितीही गुंतागुंतीचे जाळे असो, त्याच्या दोन टोकांकडून पाहिले असता ते एक दाब व एक रोध यांच्या जोडीप्रमाणेच वागते, असा तो आहे. विद्यार्थी हा सिद्धांत पाठ करतात व वापरावयाचा कोठे ते विसरतात.

कोणी म्हणेल, आता संगणक आहे. १९७३ साली अमेरिकेतील बर्कली येथे निघालेल्या "स्पाइस" या प्रणालीपासून आजच्या भ्रमणध्वनीपर्यंत यंत्रेच ही समीकरणे सोडवितात, मग मुलांनी डोके कशाला शिणवावे? यंत्रास मंडल जसे सांगावे तसे ते सोडविते. न्यूट्रल तुटला आहे हे आपण त्यास सांगितले नाही, तर ते दोन्ही घरी २३० व्होल्ट दाखवून मोकळे होईल. उत्तर पाहून "हे असे कसे?" असे म्हणण्याइतकी समज ज्यास आहे, त्यानेच यंत्र हाती घ्यावे.

पालकवर्गास आमची विनंती अशी की, केवळ गुण आहेत म्हणून मुलास या वाटेला लावू नये, आणि गुण थोडे कमी पडले म्हणून वाट बंद झाली असेही मानू नये. ज्या मुलास मोडका पंखा उघडून पाहावासा वाटतो, त्याने दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेतली तर त्यास आधी हाताने व मग कागदावर शिकावयास मिळते, आणि तेथून पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेशाची सोय आहे. ज्याची तयारी उत्तम आहे, त्याने नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयाकडे दृष्टी ठेवावी. ते १९६० साली निघाले व २००२ साली त्यास राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. आय.आय.टी.तील प्राध्यापकांची या विषयावरील व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. या नावाने कोणासही फुकट ऐकता येतात. शहरातील शिकवणीच्या फीसाठी कर्ज काढण्यापूर्वी ती ऐकून पाहावी. मुलींच्या पालकांपैकी कित्येकांस वीज शाखा मुलींची नव्हे असे वाटते. मद्रासजवळील गिंडीच्या महाविद्यालयातून गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात ए. ललिता या बाईंनी याच शाखेची पदवी घेतली. त्या अठराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या व पदरी तान्ही मुलगी होती. यापेक्षा मोठी अडचण आमच्या किती विद्यार्थिनींस आहे?

पहिल्या वर्षी एखादा विषय मागे राहिला, तर त्या मुलास शेजाऱ्याच्या मुलाचे गुण ऐकवू नका. त्यास कागद घेऊन जुन्या-नव्या सेलचे उदाहरण तुम्हांस समजावून देण्यास सांगा. समजावून देता देता त्याचे त्यासच कळू लागते, असा आमचा वर्गातील अनुभव आहे. आणि समजावून देता आले नाही, तर निदान नेमके काय येत नाही ते दोघांसही दिसते.

विद्यार्थिमित्रांनी मात्र महाविद्यालयाची वाट पाहू नये. टॉर्चचे दोन सेल, तीन लहान बल्ब, थोडी तार व एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर पुष्कळ शिकता येते. भिंतीवरील बोर्डास, पंपाच्या स्टार्टरास किंवा डी.पी.स प्रयोगासाठी कोणीही कदापि हात लावू नये. जे शिकावयाचे ते सेलावर शिकावे. बल्ब एकामागे एक लावा, मग शेजारी शेजारी लावा, आणि मीटर लावण्यापूर्वी आकडा कागदावर लिहून ठेवण्याची शपथ घ्या.

शेवटी सुटीसाठी एक कोडे देतो. सारख्या लांबीच्या बारा तारा जोडून एक घन करा, म्हणजे आठ कोपरे व बारा कडा. प्रत्येक तारेचा रोध १ ओहम आहे. एका कोपऱ्यातून वीज आत सोडली व अगदी समोरच्या, सर्वांत दूरच्या कोपऱ्यातून बाहेर घेतली, तर सर्व मिळून रोध किती? सूत्र शोधू नका, ते कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळणार नाही. ६ अँपिअर आत जात आहेत असे माना, पहिल्या सांध्याशी उभे राहून ते तीन सारख्या वाटांनी कसे फुटतील ते पाहा, आणि पाट जसा फुटत जातो तसे पुढे चालत जा. उत्तर १ ओहमपेक्षा थोडे कमी येते, एवढेच आम्ही सांगतो.